दुर्गंधेची गोष्ट आणि दुसरीतली पोर

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू असताना शुद्ध दशमीला सुगंधदशमी येते. दहा धर्मांतला तो उत्तम संयमाचा दिवस. मागच्या वर्षी त्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या बायका बस्तीत जाऊन धूप वाहून आलो, आणि दुपारी आज्जींनी घरातली पोरं गोळा करून व्रताची कथा सांगायला घेतली. आज्जी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सासूबाई. वय ८८, दात नाहीत, आवाज मात्र अजून खणखणीत.

कथा तुमच्यापैकी पुष्कळजणींना पाठ असेल. एका राणीच्या दारात मुनिमहाराज आहाराला येतात. राणी राजाबरोबर उपवनात निघालेली असते, राजा तिला परत पाठवतो, त्याचा राग ती मुनींवर काढते आणि त्यांना कडू भोपळ्याचा आहार देते. त्या पापाने ती जन्मामागून जन्म हीन योनीत फिरते आणि शेवटी एका गरिबाघरी मुलगी होऊन येते. त्या मुलीच्या अंगाला एवढा घाण वास, की जवळ कुणी उभं राहीना. नावच पडतं दुर्गंधा. पुढे तिला सुगंधदशमीचं व्रत मिळतं आणि पुढच्या जन्मी ती सुगंधी अंगाची तिलकमती होते. मग सावत्र आई, स्मशानातलं लग्न, राजा, सगळं यथासांग. आज्जी दुर्गंधेचा भाग फार रंगवून सांगतात, नाक दाबून दाखवतात. पोरं खो खो हसत होती.

आमची दुसरीतली लेक, साडेसात वर्षांची, तेवढी हसली नाही. संध्याकाळी कपडे बदलताना मला म्हणाली, "मम्मी, मी मागच्या जन्मी काय केलं होतं गं?"

मला आधी कळेना. मग हळूहळू बाहेर आलं. शाळेच्या रिक्षात एका मुलाने आठवडाभर तिच्याशेजारी बसायचं टाळलं होतं, "हिच्या काखेला वास येतो" म्हणून. आणि खरं सांगू? त्या मुलाचा राग येण्याआधी मला माझंच वाक्य आठवलं. दोन दिवसांपूर्वी शाळेतून आल्यावर तिला जवळ घेता घेता मीच म्हणाले होते, "ई, काय वास येतोय तुला!" तोंडातून गेलं आणि विसरून गेले. तिने विसरलं नव्हतं. वर आज्जींची दुर्गंधा.

त्या रात्री मी दोन गोष्टी केल्या. एक मूर्खपणाची, ती पुढे सांगते. दुसरी म्हणजे पुस्तकांच्या कपाटात शिरले.

सुगंधदशमीची कथा आपल्याकडे किती जुनी आणि किती भाषांत फिरलेली आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉ. हिरालाल जैन यांनी तिचं संपादन केलेला ग्रंथ भारतीय ज्ञानपीठाने १९६६ साली काढला. त्यात अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांतले पाठ एकत्र आहेत. मराठी पाठ जिनसागर या कवीचा. म्हणजे आज्जी जी गोष्ट नाक दाबून सांगतात ती शतकानुशतकं कुणी ना कुणी आज्जी अशीच सांगत आली आहे. सिंड्रेलाशी तिचं नातं तर उघड दिसतं. सावत्र आई आहे, घरात राबणारी पोर आहे, ओळख पटवून राजाने तिला नेणंही आहे.

पण वाचताना मला एक गोष्ट टोचली. पाप केलं एका मोठ्या बाईने, पूर्ण समजून-उमजून. वास मात्र आला एका लहान मुलीला, जिला यातलं काहीच आठवत नाही. कर्मसिद्धान्ताच्या दृष्टीने जीव तोच आहे, हे मलाही माहीत आहे. पण कथा ऐकणारं सात वर्षांचं पोर जीव आणि पर्याय यांचा हिशेब मांडत बसत नाही. त्याला एवढंच कळतं, की ज्याच्या अंगाला वास त्याने काहीतरी वाईट केलेलं असतं.

आणि आपल्याच शास्त्रात याची दुसरी बाजूही आहे, ती आपण पोरांना तेवढ्या रंगवून सांगत नाही. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनाची आठ अंगं आहेत. त्यातलं तिसरं निर्विचिकित्सा, म्हणजे किळस न करणं. त्याला उदाहरण दिलंय उद्दायन राजाचं. देव त्याची परीक्षा घ्यायला रोगी, दुर्गंधीयुक्त मुनीचं रूप घेऊन येतो, आहार घेतो आणि तिथेच ओकतो. राजा आणि राणी प्रभावती नाक न मुरडता त्याची सेवा करतात. शरीर स्वभावतःच अशुची आहे, त्यात नवल काय, असा त्यामागचा विचार. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत तर अस्नान हा एक मूलगुणच आहे. भर वैशाखात विहार करून आलेल्या मुनिमहाराजांच्या पायाशी आपण बसतो तेव्हा घामाचा वास येतोच की. तिथे आपण नाक दाबत नाही. घाम न येणं आणि अंगाला सुगंध असणं हे तर तीर्थंकरांच्या जन्माच्या अतिशयांत मोजलंय. म्हणजे बाकी सगळ्यांना घाम येणार हे गृहीतच धरलेलं आहे! हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रिक्षातल्या त्या मुलाला पाप लागलं?" मी विषय बदलला.

गोष्ट इथे संपली असती. पण दुसऱ्या दिवशी आज्जींनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच म्हणाल्या, "सातव्या वर्षी काखेला वास म्हणजे बरं न्हवं. पोर लवकर न्हाती-धुती हुणार बघ. आमच्यात असा वास आला की बायका म्हणायच्या, आता स्थळं बघा."

माझ्या पोटात गोळा आला. आज्जींचं स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी झालेलं. त्यांच्या सासूबाईंचं अकराव्या वर्षी, आणि त्यांना तेराव्या वर्षी न्हाण आलं तेव्हा मखरात बसवून वाजंत्री लावली होती, असं घरात सांगतात. ज्यांनी मखर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्न झालेल्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली की तिला सजवलेल्या मखरात बसवायचे, ओळखीपाळखीच्या बायका खाऊ आणि साड्या घेऊन यायच्या, आणि मग मुहूर्त बघून फलशोभन, म्हणजे गर्भाधान. शरीराने खूण दिली की मुलगी बायको झाली. तिचं मन कुठल्या इयत्तेत आहे, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात नसायचा. आज्जींच्या मनातली भीती ही त्या काळाची शिल्लक होती, हे मला तेव्हा लक्षात आलं. वास म्हणजे खूण, खूण म्हणजे लग्न.

या खुणेवरून आपल्याकडे केवढा वाद झालाय, आणि त्यातली एक गोष्ट आपल्या कोल्हापुरातून कशी गेली, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत असतात, पण त्या इथे राहिल्या होत्या हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. ३१ मार्च १८६५ चा जन्म, माहेरचं नाव यमुना. नऊ वर्षांची असताना गोपाळराव जोशींशी लग्न. ते तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे, पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसच जगला. वेळेवर धड वैद्यकीय मदत मिळाली असती तर, हा सल तिच्या डॉक्टर होण्यामागे होता. गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली होती, आणि १८७८ साली इथूनच त्यांनी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं की मला बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का. हे वाइल्डर स्वतः कोल्हापुरात बरीच वर्षं काम करून मायदेशी परतलेले. त्यांनी ते पत्र प्रिन्स्टनहून निघणाऱ्या आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते वाचलं आणि पुढचं सगळं घडलं. १८८६ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी बाळंत झालेल्या मुलीने आणखी कशावर लिहायचं?

त्यांची नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, बायकांच्या विभागावर. हेच आपलं आजचं सीपीआर. दसरा चौकातून मी भाजी घेऊन येते तेव्हा ती दगडी इमारत रोज दिसते. आनंदीबाई त्या कामावर रुजू झाल्याच नाहीत. क्षयाने पोखरलेल्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न, पण त्या माहेरीच राहिल्या. त्यांना न्हाण आलं तेव्हा सासरच्यांनी गर्भाधानाची घाई केली. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी ते होऊ दिलं नाही. ते डॉक्टर होते, एवढ्या लहान वयात हे शरीराला घातक आहे असं त्यांचं मत होतं. मला या सगळ्या प्रकरणात ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. कोर्टातली भाषणं, वर्तमानपत्रं, सगळं नंतरचं. आधी एका घरात एका बापाने खूण दिसूनही म्हटलं, पोर अजून लहान आहे. पुढे १८८४ साली दादाजींनी दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं, आणि त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या.

मग १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. कायद्यात संमतीचं वय होतं दहा, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हाच लागू होईना. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, बस. तेव्हा सरकारने संमतीचं वय दहाचं बारा करायचं विधेयक आणलं. आज आपल्याला वाटेल, बारा? त्यात वाद घालण्यासारखं काय आहे? पण महाराष्ट्र पेटला. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की पहिल्या ऋतुस्नानानंतर गर्भाधान करणं हे धर्माने घालून दिलेलं आहे, आणि ज्या मुलीला बाराच्या आत न्हाण येईल तिच्या घरच्यांना हा कायदा धर्म मोडायला लावेल. टिळकांनी परक्या सरकारने यात हात घालू नये म्हणून कडाडून विरोध केला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राचेच आधार काढून गर्भाधान पुढे ढकलायला शास्त्राची हरकत नाही असं दाखवलं. पन्नासहून जास्त बायका-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि दवाखान्यात आलेल्या कोवळ्या मुलींच्या जखमांची यादी जोडली. त्या यादीतलं एक-दोन ओळींचं वर्णनही मला पुरं वाचवेना. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला.

संस्थानांना ब्रिटिश मुलखातला हा कायदा थेट लागू नव्हता. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १ एप्रिल १८९१ ला, आपल्या शाहू महाराजांचं लग्न झालं. महाराज सोळा वर्षांचे, लक्ष्मीबाई राणीसाहेब त्यांच्याहून बऱ्याच लहान. काळच तसा होता, हे मी दोष द्यायला लिहीत नाही. उलट याच राजाने पुढे कृष्णाबाई केळवकर या मुलीला डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं, आणि त्यांनी कोल्हापुरातल्या त्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांची सेवा केली. आनंदीबाईंची रिकामी राहिलेली जागा अशी भरली, असं मला वाटतं. १९२९ च्या शारदा कायद्याने ब्रिटिश मुलखात मुलीचं लग्नाचं वय १४ केलं, १९४९ मध्ये ते १५ झालं, १९७८ मध्ये १८. आज्जी पंधराव्या वर्षी बोहल्यावर उभ्या राहिल्या त्या अगदी कायद्याच्या काठावर.

त्या काळात साहेबांचा आणि आपल्या शिकलेल्यांचाही एक लाडका समज होता, की उष्ण देशात मुली लवकर पिकतात. 'पिकतात' हाच शब्द, आंब्यासारखा. तो टिकला नाही. युरोपातल्या थंड देशांतही दीडशे वर्षांत पहिल्या पाळीचं वय सोळा-सतरावरून तेरापर्यंत खाली आलं, आणि तिथली हवा काही तापली नव्हती. पोटाला चांगलं मिळू लागलं, आजार कमी झाले, म्हणून ते घडलं.

घरात मात्र या विषयावर कुणी बोलत नसे. मराठीत पहिल्यांदा उघड बोलले ते र. धों. कर्वे, १९२७ ते १९५३ असं 'समाजस्वास्थ्य' चालवून. वाचकांच्या शंकांना सरळ उत्तरं द्यायचे. खटले भरले लोकांनी त्यांच्यावर, १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. माझ्या माहेरी त्या मासिकाचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. मला पाळीबद्दल जे कळलं ते बाथरूमच्या दाराबाहेरून, अर्धवट.

आता माझा मूर्खपणा. त्या सुगंधदशमीच्या रात्री मी लेकीच्या काखेत लिंबू चोळलं. मोठ्यांना चालतं म्हणून. सकाळी कातडी लाल, आग आग, आणि ती रडतेय. तिला वाटलं ही शिक्षाच. तेव्हा सांगते, मुलांच्या काखेला लिंबू नको, खायचा सोडाही नको.

दोन दिवसांनी राजारामपुरीतल्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. आज्जी आधीच बजावून होत्या, "डाक्टरला सांग, आमच्यात कांदा-लसूण न्हाई, मग वास कसा?" मी सांगितलं. ते हसले, पण उत्तर नीट दिलं. कांदा-लसणाचा थोडा परिणाम होतो, मेथीचाही होतो, पण काखेतल्या वासाचं मूळ वेगळं. तिथल्या घामग्रंथी वेगळ्या असतात. त्यांचा घाम स्वतः वास मारत नाही, कातडीवरचे जंतू तो खातात आणि त्याचा वास सुटतो. लहानपणी या ग्रंथी झोपलेल्या असतात. साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी थोडं संप्रेरक सोडायला लागतात आणि त्या ग्रंथी जाग्या होतात. कधी केस तेलकट होतात, कपाळावर एखादी पुटकुळी येते.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं. हे काम अधिवृक्क ग्रंथींचं. पाळी आणणाऱ्या बीजांडकोशांचं घड्याळ वेगळं, ते मेंदूतून चालतं. नुसता घामाचा वास म्हणजे न्हाण जवळ आलं असा अर्थ नाही. मुलीत त्या दुसऱ्या घड्याळाची पहिली खूण साधारणपणे छातीला गाठ येणं ही असते, आणि त्यानंतर पाळी यायला दोन-अडीच वर्षं लागतात. आज्जींच्या काळच्या बायकांनी दोन घड्याळांचा ठोका एकच समजला होता.

काळजी कधी करायची? आठ वर्षांच्या आत मुलीची छाती वाढू लागली, नऊच्या आत मुलामध्ये वयात येण्याच्या खुणा दिसल्या, किंवा उंची एकदम झपाट्याने वाढायला लागली, तर थांबायचं नाही. आठच्या आत मुलीच्या आणि नऊच्या आत मुलाच्या काखेत वा खाली केस दिसले किंवा वास यायला लागला तरी एकदा दाखवून यायचं, बहुतेक वेळा काही निघत नाही. मुलग्यांच्या बाबतीत तर जास्तच लक्ष द्यायचं. त्यांच्यात हे क्वचित होतं, पण झालं तर आत काही आजार असण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त. डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, रक्त तपासतात. गरज असली तर महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन ते दुसरं घड्याळ थांबवता येतं, योग्य वय झालं की पुन्हा सोडतात. इंजेक्शनचं ऐकलं तेव्हा मला सखाराम अर्जुन आठवले. त्यांच्याकडे असं काही नव्हतं. फक्त "नाही" होतं.

आमच्या लेकीची छाती तपासली, उंची-वजन तक्त्यावर मांडलं, एक्स-रे काढला. सगळं वयाप्रमाणे. सहा महिन्यांनी परत दाखवा म्हणाले.

घरी आता एवढंच करतो. शाळेतून आली की काखा साबणाने धुवायच्या आणि पंचाने नीट कोरड्या करायच्या, कारण ओल राहिली की जंतूंना मेजवानी. गणवेशाचा शर्ट जाड पॉलिस्टरचा होता, आत सुती बनियन सुरू केलं. शर्ट रोज धुवायचा आणि उन्हात उलटा वाळवायचा. कधीतरी पाण्यात तुरटी फिरवून ते लावते, तेवढं तिला सोसतं. सेंटचे डबे अजून आणलेले नाहीत. आणि तिला तिचं तिनेच करायला शिकवलंय. मी वास घ्यायला जात नाही.

आज्जींना दोन घड्याळांचं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूला बी दहाव्या वर्षी कुणीतरी हेच सांगायला पायजे हुतं." एवढं बोलून जपमाळ घेतली.

या भाद्रपदात पुन्हा कथा झाली. दुर्गंधेचा भाग आला तेव्हा आज्जींनी नाक दाबलं नाही. पोरांनी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "आता जमत न्हाई, श्वास लागतो." पुढे त्यांनी उद्दायन राजाची गोष्ट जोडली, मुनी ओकतात तो भाग मात्र पूर्ण अभिनयासह. पोरं हसून लोळली, आमचीही. आता तिला नववं लागेल. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, तारखा घालून. पुढच्या आठवड्यात त्या कागदावर उतरवून डॉक्टरांकडे न्यायच्या आहेत.